सालारजंगमध्ये सगळ्यांनी एकत्र फिरू नका: हैदराबादच्या एका दिवसाचा हिशेब

हैदराबादला जाताय तर शुक्रवार सोडून जा. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, चौमहल्ला पॅलेसही बंद, आणि मक्का मशिदीत जुम्म्याची नमाज असल्यामुळे चारमिनारच्या आसपास मरणाची गर्दी. वार ठरला की मग गाडीवाल्याचं वेळापत्रक तपासा. ‘एका दिवसात पूर्ण शहर’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एकच प्रश्न विचारायचा, सालारजंगला किती वेळ देणार? ‘एक तास’ म्हणाले तर हात जोडायचे आणि सरळ रिक्षा बघायची. एका तासात तिथे नुसती चप्पल झिजते.

आम्हाला नेमका एक तासवालाच मिळाला होता. नाव लिहीत नाही. चालक भला माणूस होता, वेळापत्रक काही त्याने केलेलं नव्हतं. कागदावर होतं ते असं: बिर्ला मंदिर, सालारजंग, चारमिनार, चौमहल्ला, गोवळकोंडा, संध्याकाळी हुसेनसागर. मध्ये जेवण, आणि मोत्यांच्या एका दुकानात ‘फक्त बघायला’ थांबा. हे ऐकूनच आमच्या सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला.

आमची वरातही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सासूबाई, आमचे हे, नणंद म्हणजे ताई, त्यांचे यजमान म्हणजे आमचे भावजी, त्यांची कॉलेजातली लेक आणि मी. भावजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आता बंद केलंय, पण डोळ्याला लावायचं ते भिंग अजून शर्टाच्या खिशात असतं. ह्यांना तलवारी आणि तोफा दिसल्या की बाकी जग दिसत नाही. ताईंना भांडी. भाचीला फोटो, आणि फोटोखाली लिहायला दोन ओळींची माहिती. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे देवळात गेले तरी माझं लक्ष देवीच्या चोळीच्या बाहीकडे जातं. सासूबाईंना बसायला जागा हवी आणि बघायला माणसं हवीत. अशी सहा तोंडं सहा दिशांना असलेली मंडळी घेऊन संग्रहालयात जायचं म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात रुसवेफुगवे ठरलेले. एक जण पुढे गेला, दुसरी मागे राहिली, तिसऱ्याला भूक लागली. तरीही सालारजंग आम्हाला सगळ्यांना आवडलं, अगदी सासूबाईंना सुद्धा, आणि त्याचं कारण त्या जागेतच आहे.

ते इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे मांडलेलं संग्रहालय नाही. मुळात ती एका माणसाची खरेदी आहे. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग. जन्म १८८९ चा, आणि तोही आपल्या पुण्यातला. (हे कळल्यावर ह्यांची छाती उगाच फुगली, जसं काही बारशाला हेच होते.) मूल महिन्याचं व्हायच्या आत वडील गेले. आजोबा, वडील दोघंही निजामाचे दिवाण. हेही १९१२ साली सातव्या निजामाचे दिवाण झाले, पण दोन-अडीच वर्षांत पद सोडलं आणि पुढचं सगळं आयुष्य वस्तू गोळा करण्यात घालवलं. युरोपातून, चीन-जपानहून, इराणहून, आणि देशातल्या कानाकोपऱ्यातून माल यायचा. व्यापारी दारात उभे असायचे. लग्न केलं नाही. १९४९ साली गेले तेव्हा मागे वारस नव्हता आणि वाडा वस्तूंनी भरलेला. त्याच वाड्यात, दिवाण देवडीत, डिसेंबर १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सुरू झालं. १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं, आणि १९६८ साली सगळा पसारा मुसी नदीच्या काठावरच्या आत्ताच्या इमारतीत आला. काही चिजा वडील-आजोबांच्या वेळच्या आहेत, पण बहुतेक सगळं ह्या एकट्या गृहस्थाचं.

ही माहिती भाचीने फोनवर वाचून दाखवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “लग्न नाही केलं म्हणून जमलं. बायको असती तर म्हणाली असती, ठेवायचं कुठे?”

एकाची खरेदी असल्यामुळे तिथे कशाचाच कशाशी संबंध नाही. एका दालनात काश्मिरी शाली, पुढे जपानी भरतकाम, पलीकडे फ्रेंच फर्निचर, मग मोगल सुरे, मग लहान मुलांची खेळणी. अशी ४० च्या घरात दालनं आहेत. क्रमाने बघायला गेलात तर दमाल आणि अर्ध्यावर वैतागाल. ज्याला जे हवं त्याने तिथे जावं, ही एकच पद्धत इथे चालते. आणि सगळ्यांनी परत भेटायचं कुठे, याची सोय संग्रहालयाने आपोआप केली आहे. घड्याळापाशी.

हे घड्याळ म्हणजे सालारजंगचं ग्रामदैवत. कुक अँड केल्व्ही कंपनीचं, १९ व्या शतकातलं, साडेतीनशेच्या वर सुटे भाग, जोडणी कलकत्त्यात झालेली. समोर बसायची सोय आहे. तास भरायला दहा मिनिटं राहिली की चारी बाजूंनी लोक यायला लागतात. शाळेच्या सहली येतात, रांगा बसतात, मास्तर ‘शू’ करतात. तास भरला की वरच्या मजल्यावरून एक दाढीवाला छोटासा माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो. देऊन झाले की आत. बस, एवढंच. आजच्या काळात एवढ्यासाठी शे-दोनशे माणसं श्वास रोखून बसतात आणि शेवटचा टोला पडला की टाळ्या वाजवतात, यावर माझा विश्वास बसला नसता.

आम्ही १० ला दार उघडताना आत गेलो होतो, म्हणून ११ चे टोले मिळाले. सगळे मोबाइल वर धरून दाढीवाल्याची वाट बघत होते. भावजी मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर लोहारावर. त्या घड्याळात एक लोहार आहे, तो ऐरणीवर सेकंदाला एक ठोका मारतो. अख्खा तास, न थांबता. दाढीवाल्याला दर तासाला टाळ्या, लोहाराकडे कुणी ढुंकून बघत नाही.

“वहिनी, हा बघा,” भावजी मला म्हणाले. “काम हा करतोय. तो वरचा नुसता हजेरी लावून जातो.”

मग त्यांनी मला जे समजावलं ते कुठल्या पाटीवर नव्हतं. टोल्याच्या घड्याळात दोन संसार असतात. चालायची चाकं वेगळी, त्यांची स्प्रिंग वेगळी. टोले द्यायची चाकं वेगळी, त्यांची स्प्रिंग वेगळी. चालणाऱ्या बाजूने वाजवणाऱ्या बाजूला फक्त खूण करायची. तास भरायच्या थोडं आधी आत एक खटका सुटतो आणि टोल्याची बाजू तयार होऊन थांबते. काटा बारावर आला की सुटते. दुकानात भिंतीवरची घड्याळं असायची तेव्हा हा खटका ऐकू आला की भावजी हातातलं काम खाली ठेवायचे, म्हणे, कारण आता सगळी एकदम वाजणार आणि मग काही सुचायचं नाही. टोल्यांचा आकडा आणि काट्यांची वेळ जुळत नाही असं गिऱ्हाईक घेऊन आलं तर बहुतेक वेळा कुणीतरी काटे हाताने उलटे फिरवलेले असायचे. आमच्या माहेरी असंच घड्याळ होतं, चारला नऊ वाजवणारं. कारण इतक्या वर्षांनी हैदराबादेत कळलं.

अकराच्या टोल्यांनंतर चालकाचा फोन आला. “अम्मा, एक घंटा हो गया, आगे बहुत है.” ह्यांनी त्याला सांगितलं, गोवळकोंडा रद्द, हुसेनसागर रद्द, तू चहा पी. पलीकडून जरा शांतता, मग “गोलकोंडा नक्को तो नक्को, मेरेकु क्या.” त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. त्यालाही त्या वेळापत्रकाचा काच असणार.

मग आम्ही ठरवलं, बारापर्यंत ज्याने त्याने आपापलं फिरायचं आणि बाराच्या टोल्यांना इथे यायचं. सासूबाई जागच्या हलणार नव्हत्या. त्यांना घड्याळासमोरची खुर्ची मिळाली होती आणि शेजारी एक तेलुगू आजी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आम्ही परत आलो तेव्हा कुणाचा मुलगा काय करतो ते दोघींनाही माहीत होतं. घरात गुडघेदुखीवाली वडीलधारी मंडळी असतील आणि त्यांना संग्रहालयात न्यायचं की नाही असा प्रश्न पडत असेल तर ही जागा लक्षात ठेवा. दर तासाला समोर कार्यक्रम, बाकीचा वेळ माणसं.

मी निघाले ती रिबेकाकडे. ‘व्हेल्ड रिबेका’, म्हणजे चेहऱ्यावर पातळ कापड ओढलेली रिबेका. जिओव्हानी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराचं काम, पांढरा संगमरवर. पहिल्या सालारजंगांनी, म्हणजे आजोबांनी, १८७६ साली रोमला गेले असताना ती विकत घेतली. बायबलमधली गोष्ट आहे, लग्न ठरलेली रिबेका पहिल्यांदा नवऱ्यासमोर जाते तेव्हा तोंडावर पदर घेते. बेन्झोनीने ही मूर्ती एकापेक्षा जास्त वेळा घडवली, जगात इतर ठिकाणीही ती आहे. पण म्हणून हिच्यात काही कमी येत नाही.

सगळे म्हणतात, ‘बघा, दगडातून चेहरा दिसतो’. दिसतो खरा. पण मला चेहऱ्यापेक्षा कापडाने पकडून ठेवलं. पातळ कापड अंगावर कसं पडतं ते मला विचारा. ते सगळीकडे सारखं कधीच बसत नाही. कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी, जिथे हाड वर येतं तिथे चिकटतं. डोळ्याच्या खोबणीत आणि गालाखाली सुटतं. सुटतं तिथे बारीक चुणी पडते आणि ती सरळ खाली येत नाही, जरा तिरकी येते, कारण कापड वरून धरलेलं आहे आणि वजन खालच्या काठाला आहे. हे त्या माणसाने दगडात केलंय. एकाच दगडात. म्हणजे चेहरा वेगळा आणि वर कापड वेगळं असा प्रकारच नाही, आत काहीही नाही, जे दिसतंय ते सगळं वरचंच. नाकावर चिकटलेलं आणि गालावर सुटलेलं यातला जो फरक आहे तोच आपल्याला पारदर्शक वाटतो. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे नेट आणि जॉर्जेट घेऊन समजावते, तरी निम्म्यांना चुणी कुठे धरायची ते कळत नाही. आणि खालचा झगा बघा, तो जाड कापडाचा आहे. त्याच्या घड्या मोठ्या, जड, पायापाशी मोडणाऱ्या. वरचं पातळ, खालचं जाड, दोन्ही संगमरवर. मी तिथे इतका वेळ उभी होते की गर्दी सरकवणाऱ्या पहारेकऱ्याने मला दोनदा ‘आगे चलो’ म्हटलं आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं. कोपऱ्यातून बघा, समोरून नको. समोर सगळे फोटो काढत असतात, आणि चुण्या बाजूच्या उजेडातच नीट दिसतात.

दुसरी गर्दी असते ती दोन तोंडांच्या लाकडी पुतळ्यापाशी. एका बाजूने दाढीवाला, ताठ, गर्विष्ठ मेफिस्टोफेलिस, मागच्या बाजूने मान खाली घातलेली मार्गारेटा, दोघं एकाच ओंडक्यातून कोरलेले. मागे आरसा लावलाय, त्यात पाठीमागची बाजू दिसते. जर्मन कवी गटेच्या नाटकातली ही जोडी. सैतानाच्या पाठीवर भोळी मुलगी, कल्पना जबरदस्त आहे, आणि कोरीवकामही स्वच्छ. फक्त त्या आरशात मार्गारेटाच्या शेजारी आपण, आपल्यामागे वीस मोबाइल आणि एक रडणारं पोर असं सगळंच येतं. भाचीने बरेच फोटो काढले आणि सगळे पुसले.

जेड नावाच्या हिरवट दगडाच्या वस्तूंचं दालन मात्र चुकवू नका. तिथे गर्दी कमी असते. जहांगीरचा खंजीर आहे, नूरजहानची फळं कापायची सुरी आहे. राज्य चालवणाऱ्या बाईची सुरी एवढीशी, नाजूक, रत्नं जडवलेली. हस्तलिखितांमध्ये कुराणाची एक प्रत आहे, याकूत अल-मुस्तासिमी या जुन्या नामांकित लेखनकाराच्या हातची, तिच्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब तिघांच्याही सह्या आहेत. बाप, मुलगा, नातू, तिघांनी ते पुस्तक आपलं म्हणून हातात घेतलं होतं. या तिघांनी एकमेकांशी काय काय केलं ते आठवलं की त्या एका पानावरच्या सह्यांकडे बघायला मजा येते.

आता जे मला नाही भावलं ते. युरोपियन पिंगाणी भांड्यांची कपाटं संपता संपत नाहीत. तिसऱ्या कपाटानंतर बशी ही बशीच दिसायला लागते. ताई माझ्याशी कडकडून भांडल्या यावरून. त्यांच्या मते तोच सालारजंगचा खरा खजिना, आणि आमच्या घरात कुणाला चांगल्या भांड्याची कदर नाही. असेल. संगमरवरी पुतळ्यांतही पुष्कळसे जुन्या प्रसिद्ध पुतळ्यांच्या नकला आहेत, सजावटीसाठी आणलेल्या. या माणसाची नजर मोठी होती पण हात सढळ होता, आवडलं की घेतलं. ज्याला निवडक आणि नेमकं बघायची सवय आहे त्याला हे जड जाईल. मला उलट तो माणूस त्यामुळे जास्त कळला. साडीच्या दुकानात एक सुंदर साडी घेतल्यावर ‘ह्या पण दोन बांधा’ म्हणणारी बाई असते ना, तसा.

बाराचे टोले आम्ही सगळ्यांनी एकत्र ऐकले. दिवसातला हा सगळ्यात मोठा कार्यक्रम, बारा टोले, म्हणून गर्दीही तेव्हा सगळ्यात जास्त. बसायला जागा हवी असेल तर वीस मिनिटं आधी या, किंवा आधीच एखाद्या सासूबाईंना बसवून ठेवा. ह्यांनी तोपर्यंत शस्त्रांचं दालन दोनदा केलं होतं आणि औरंगजेबाच्या तलवारीबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात टोले सुरू झाले. बरं झालं. एकच्या टोल्यांनंतर आम्ही बाहेर पडलो. म्हणजे एका तासाच्या जागी तीन तास झाले, तरी ताईंची जपानी दालनं राहिलीच.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. गाडीवाल्याच्या ठरलेल्या हॉटेलात गेलो नाही, जवळच एका साध्या ठिकाणी बिर्याणी आणि शाकाहारी मंडळींना खट्टी दाल-भात मिळाला, पोट भरलं. नंतर इराणी हॉटेलातला चहा आणि उस्मानिया बिस्किट मात्र घ्याच. बिस्किट गोड आणि खारट दोन्ही, चहात बुडवलं की पटकन उचला नाहीतर तळाशी जातं. मोत्यांच्या दुकानाचा ‘फक्त बघायला’ थांबा आम्ही गाडीत बसूनच रद्द केला. ताईंचा चेहरा पडला, पण पत्थरगट्टीच्या रस्त्याला मोत्यांची दुकानं मोजता येणार नाहीत इतकी आहेत, आपण आपल्या पायाने जाऊन भाव करावा.

चारमिनार सालारजंगपासून जवळ आहे. पाय बरे असतील तर चालत जा. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधला, चार दिशांना चार कमानी, चार कोपऱ्यांवर चार मिनार. वर जायला गोल, अरुंद, उंच पायऱ्यांचा दगडी जिना आहे. सासूबाईंना आणि ताईंना खाली सोडून भाची आणि मी चढलो. साडी नेसून चढणाऱ्या बायकांनी निऱ्या डाव्या हातात घट्ट धरा, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी आले की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वरच्या गच्चीतून चारही रस्ते सरळ दिसतात, आणि हे शहर या एका इमारतीपासून बाहेर आखलं आहे हे नकाशाशिवाय कळतं. एका बाजूला मक्का मशिदीचं मोठं अंगण, एका बाजूला लाड बाजार.

खाली आलो तर भावजी चारमिनारला प्रदक्षिणा घालत होते. चारही बाजूंना घड्याळं आहेत, ती १८८९ साली बसवलेली. म्हणजे सालारजंगांचं जन्मसाल आणि या घड्याळांचं साल एकच. मूळ इमारत तीनशे वर्षं घड्याळाशिवाय उभी होती. भावजी मनगटावरचं घड्याळ बघत एकेका कमानीसमोर थांबत होते. चार बाजूंना चार काटे दाखवायचे आणि ते एकमेकांशी जुळवून ठेवायचे, हे किती कटकटीचं काम आहे ते तेच जाणोत. येणारे-जाणारे त्यांना चुकवून पुढे जात होते. एका फुगेवाल्याने विचारलं सुद्धा, “क्या ढूंड रहे चाचा?”

लाड बाजारात मी ताईंना दिलेला शब्द पाळला. लाखेच्या बांगड्या. हैदराबादी लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीपासून बायका इथे येतातच आहेत. काही दुकानांपुढे कारागीर बसलेले असतात, त्यांना दोन मिनिटं बघा. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळून पट्टी करायची, गोल फिरवायची, आणि गरम आहे तोवर एकेक खडा बोटाने दाबून बसवायचा. उशीर झाला की लाख थंड, खडा बसत नाही. रेषा चुकत नाही, मापपट्टी नाही. काचा चिकटवलेल्या स्वस्त बांगड्याही त्याच दुकानात मिळतात, त्या लाखेच्या म्हणून गळ्यात मारतील. हातात घ्या, नख लावून बघा, खडा बाहेरून चिकटवलाय की आत बसलाय ते कळतं. भाव अर्ध्यापासून सुरू करा आणि उठून चालायची तयारी ठेवा. ताईंनी तीन वेळा उठून दाखवलं. माझ्या मते तिसरी वेळ उगाच होती.

चौमहल्ल्याला पोचेपर्यंत सगळे थकले होते, आणि तरीही तो बघणं झालं याचा आनंद आहे. आसफजाही निजामांचा राजवाडा, बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्यावर सुरू होऊन एकोणिसाव्यात पुरं झालं. मोठी अंगणं, मधोमध कारंज्याचे हौद, बाकं, झाडं. सालारजंगच्या कोंदटलेल्या दालनांनंतर इथे मोकळं वाटतं. खिलवत मुबारक नावाच्या दरबार हॉलमध्ये बेल्जियन काचेची १९ झुंबरं एकाच छतावरून लोंबतात, खाली संगमरवरी चबुतऱ्यावर निजामाची गादी. मागच्या अंगणात जुन्या गाड्या आहेत, त्यात एक पिवळी रोल्स रॉइस, जिच्यापुढून ह्यांना हलवायला मला दोनदा यावं लागलं. या वाड्याची डागडुजी चांगली झालीय, २०१० साली युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कारही मिळाला. रांगेने बघायची सक्ती वाटत नाही. सासूबाई हौदाकाठच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, इथे आधी यायला हवं होतं.

मला ते पटत नाही. आधी इथे आलात तर सालारजंगला दुपारी पोचाल, आणि दुपारी तिथे शाळा असतात, पाय संपलेले असतात. सकाळी सालारजंग, शेवटी चौमहल्ला, हाच क्रम ठेवा. वाड्याच्या खिलवत मनोऱ्यावरही एक घड्याळ आहे, अडीचशे वर्षांच्या आसपास चालत आलेलं. घड्याळजींचं एक कुटुंब त्याला दर आठवड्याला चावी देतं. हे ऐकल्यावर भावजींनी पहारेकऱ्याला तीन प्रश्न विचारले: चावी कुठल्या वारी देतात, वर जिना आहे का, आणि त्या घरातला पुढचा मुलगा हे काम शिकलाय का. पहारेकऱ्याला पहिल्या दोनांची उत्तरं माहीत होती की नाही ठाऊक नाही, त्याने तिन्हींना हसून मान हलवली.

गाडीच्या कंपनीने न बघितलेल्या गोवळकोंड्याचे पैसे काही परत दिले नाहीत. पॅकेज म्हणजे पॅकेज, असं फोनवर ऐकवलं. हे अर्धा तास भांडले, भावजींनी मध्येच फोन घेतला, काही उपयोग झाला नाही. चालकाला आम्ही वेगळे पैसे दिले. त्याने सासूबाईंना गाडीत चढवताना प्रत्येक वेळी पायाखाली लाकडी पाट ठेवला होता, तो काही कंपनीच्या पॅकेजात नव्हता.

गोवळकोंड्याला दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने गेलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तिथल्या पायऱ्या आणि आमच्या ह्यांची धाप हा स्वतंत्र विषय आहे.